बॅटरी गळतीय, पण आधी खिडकीतली ती बाटली हलवा

तासगाव तालुक्यातनं एका ताईंचं पत्र आलंय, थोडं कमी करून देतो:

"आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. मिस्टर पुण्याला कंपनीत असतात, बाग मी आणि सासरे (अण्णा) बघतो. फवारणीच्या ब्लोअरच्या छोट्या ट्रॅक्टरची बॅटरी महिनाभर झालं गळतीय. खालच्या ट्रेचा रंग उडाला, पत्रा खाऊन चाललाय, टर्मिनलवर हिरवं-पांढरं साचतंय. अण्णा दर चार दिवसांनी गच्च पाणी भरतात, दोन दिवसांत परत सगळं ओलं. सकाळी ट्रॅक्टर उचलत नाही म्हणून रोज रात्री बॅटरी काढून स्वयंपाकघरात आणतो आणि चार्जिंगला लावतो. एक मेकॅनिक म्हणाला एम-सील लावा, दुसरा म्हणाला नवीन घ्या. अण्णा म्हणतात दीडच वर्ष झालंय, थोडं ॲसिड टाकलं की होईल. मागच्या वेळचं उरलेलं ॲसिड पाण्याच्या बाटलीत भरून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलंय, ते टाकावं का? ऑक्टोबर छाटणी झालीय, फवारणीचा एक दिवस चुकला तरी बागेवर डावणी रोग येतो. मी सांगितलेलं अण्णांना पटत नाही. चार वर्षांची मुलगी आहे, तिच्यामागं पळण्यातच निम्मा दिवस जातो, त्यामुळं सविस्तर लिहा, रात्री वाचीन."

ताई, सविस्तर लिहितो, पण तुम्ही रात्रीची वाट बघू नका, हा पहिला भाग आत्ता वाचा आणि उठा. ती खिडकीतली बाटली. तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलाय, मला मात्र सगळ्या पत्रात तीच दिसतीय. पाण्याची बाटली, आत पाण्यासारखंच स्वच्छ दिसणारं ॲसिड, स्वयंपाकघराची खिडकी आणि घरात चार वर्षांचं लेकरू. माझ्या धाकट्या भावानं लहानपणी गोठ्यात ठेवलेल्या अशाच बाटलीतला एक घोट तोंडात घेतला होता, उन्हातनं खेळून आला होता, तहान लागली होती. नशीब की गिळला नाही, लगेच थुंकला, तरी ओठांची आणि जिभेची सालं निघाली आणि तीन आठवडे थंड दुधाशिवाय काही पोटात गेलं नाही. आई रोज त्याच्या तोंडाकडं बघून रडायची, ती बाटली तिनंच ठेवली होती. म्हणून सांगतो, रबरी हातमोजे घाला, बाटली उभीच उचला, प्लॅस्टिकच्या बादलीत ठेवा, वरनं मोठ्या अक्षरात ॲसिड लिहून चिकटवा आणि फवारणीची औषधं तुम्ही जिथं कुलपात ठेवता तिथं ठेवा. उद्या-परवा बॅटरीच्या दुकानात जाताना ती बाटली तशीच उभी घेऊन जा, ते ठेवून घेतील. मोरीत ओतू नका, बांधावर ओतू नका, बॅटरीतनं काढलेलं असेल तर त्यात शिसंही असतं.

आणि देव न करो, पण कधी कुणाच्या पोटात गेलंच तर उलटी करायला लावायची नाही, जाताना जेवढं भाजलं तेवढंच वर येताना परत भाजतं. सोडा पाजायचा नाही, पोटात गॅस होतो. तोंड पाण्यानं खळखळून धुवायचं आणि 108 ला फोन, किंवा गाडी असेल तर सरळ सांगली सिव्हिल नाहीतर मिरजेचं सरकारी हॉस्पिटल. डोळ्यात उडालं तर पापणी बोटांनी उघडी धरून साध्या पाण्याची धार, घड्याळ लावून किमान वीस मिनिटं, मग डॉक्टर. कातडीवर पडलं तरी नुसतं भरपूर पाणी. सोडा लोखंडासाठी आणि फरशीसाठी, अंगासाठी नाही.

हे झालं? आता बॅटरीकडं येऊ.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी लांब-लांब लिहिल्यात, गच्च पाणी भरणं आणि रोज रात्रभर चार्जिंग, त्या शेजारी ठेवून बघा म्हणजे गळतीचं निम्मं कोडं सुटतं. बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकात शिशाच्या प्लेटा आणि त्यावर ॲसिड-पाणी. चार्ज होताना ते पाणी तापून थोडं वर चढतं आणि त्यातनं बुडबुडे येतात. आधीच गळ्यापर्यंत भरलेलं असेल तर वर चढायला जागाच नाही, मग ते बुचाच्या भोकातनं बाहेर येतं, दुधाला वर यायला जागा ठेवली नाही तर जे होतं तेच. वरचा भाग ओला झाला की त्या ओलीतनं प्लस आणि मायनसमध्ये बारीक करंट चालू राहतो, म्हणजे ट्रॅक्टर उभा असतानाही बॅटरी हळूहळू उतरत राहते. सकाळी उचलत नाही, रात्री परत चार्जर लावला, आणि साधा चार्जर आपोआप बंद होत नाही, तो रात्रभर बॅटरी उकळत ठेवतो, त्यात पाणी आटतं, आटलं म्हणून अण्णा परत गच्च भरतात आणि परत उतू जातं. असं हे चक्र तुमच्याकडं महिनाभर फिरतंय असं मला पत्रावरनं तरी वाटतंय. शिवाय दर वेळी बाहेर जातं ते ॲसिड आणि आत पडतं ते पाणी, त्यामुळं आतलं द्रावण पातळ होत गेलं असणार.

ओलीतनं करंट जातो हे खोटं वाटत असेल तर दीड-दोनशेचा मल्टीमीटर मिळतो तो आणा, घरात असलाच पाहिजे असं हत्यार आहे ते. त्याची एक काडी प्लस टर्मिनलला लावा आणि दुसरी काडी टर्मिनलला न लावता नुसती बॅटरीच्या ओल्या प्लॅस्टिकवर टेकवा. कोऱ्या, सुक्या प्लॅस्टिकवर काटा हलायला नको, पण तुमच्या बॅटरीवर तिथंच दोन-चार व्होल्ट दिसतील. हे अण्णांच्या समोर करा. ते बघणं आणि तुम्ही तोंडानं सांगणं यात फार फरक पडतो.

आता गळती नक्की कुठनं आहे ते शोधायचं. त्याच्या आधी तयारी, आणि हे तुम्हाला बाई म्हणून मुद्दाम सांगतो कारण गॅरेजमधला माणूस हे सांगणार नाही. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घाला किंवा काढून ठेवा, वाकल्यावर ते लोंबतं आणि टर्मिनल आणि बॉडीच्या मध्ये टेकलं तर सोनं क्षणात लाल होतं, गळ्यात असताना. पाटल्या, बांगड्या, अंगठी, सगळं बाजूला. फवारणीचे रबरी मोजे आणि चष्मा घरात आहेतच, तेच घाला. चांगली साडी-ओढणी नको, सुती कापडावर ॲसिडचा थेंब पडला की तेव्हा काही दिसत नाही, धुतल्यावर भोक पडतं. मुलीला शेजारी पाठवा.

काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. ट्रॅक्टरची सगळी बॉडी मायनस असते, तो जोडलेला असताना तुम्ही प्लस सोडायला गेलात आणि पाना कुठं पत्र्याला टेकला तर ठिणगी उडालीच. आणि गळक्या, चार्ज झालेल्या बॅटरीवर ठिणगी म्हणजे काय ते सांगतो. बॅटरीतनं जो गॅस येतो तो हायड्रोजन, हवेत शंभरात चार भाग झाला की पेट घ्यायला पुरे. त्याला रंग नाही, वास नाही. अण्णांच्या वयाची माणसं अंधारात बूच काढून काडी ओढून पाणी बघायची, त्यांना हात जोडून सांगा मोबाईलची बॅटरी लावा, म्हणजे टॉर्च. आणि स्वयंपाकघरात चार्जिंग आजपासून बंद. गॅसची शेगडी, समोर दिवा, बंद दारं आणि रात्रभर उकळणारी बॅटरी, मला तर लिहिताना पण कसंतरी होतंय. चार्जिंग शेडमध्ये, उघड्यावर, बूच सैल करून, आणि चिमटे काढायच्या आधी चार्जरचं बटण बंद. कधी कुजक्या अंड्यासारखा वास आला तर समजायचं बॅटरी अति तापलीय, लगेच मेन बटण बंद करायचं आणि लांब व्हायचं.

आता धुणं. लिटरभर पाण्यात मूठभर खायचा सोडा, बुचं घट्ट बसलीत का बघा, हे पाणी आत गेलं तर आतलं ॲसिड मरेल. जुन्या ब्रशनं वरनं लावा. जिथं ॲसिड आहे तिथं फसफसून फेस येतो, फेस यायचा थांबला की ॲसिड संपलं. मग साध्या पाण्यानं धुवा, पुसा, सुकवा. ट्रे आणि त्याच्या खालचा पत्रा, तिथली वायरिंग, सगळं तसंच. नुसतं वाळू दिलं तर जाईल असं समजू नका, ॲसिडमधलं पाणी उडतं, ॲसिड तिथंच राहतं आणि उलट जास्त कडक होतं, म्हणून तुमचा ट्रे सुकलेला दिसत असला तरी आतनं खाऊन चाललाय. चुना घरात पोत्यानं आहे म्हणून तो वापरायचा मोह होईल, पण नको, कळीचा चुना पाण्यात उकळतो आणि डोळ्यात उडाला तर तो ॲसिडएवढाच वाईट. सोडा पाच-दहा रुपयांना मिळतो.

आणि टर्मिनलवरचं ते हिरवं-निळं जे साचतं ना, ते बघून अण्णांना काही आठवलं नाही का? गंधकाचं ॲसिड आणि वायरीतलं तांबं मिळून ते बनतं, म्हणजे ते चक्क मोरचूदच आहे, जे तुम्ही बागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात घालता. पांढरं आहे ते शिशाचं. हे सगळं विषारी, म्हणून सुकं खरवडून फुंकर मारायची नाही, सोड्याच्या पाण्यानं ओलं करूनच काढायचं आणि नंतर हात साबणानं धुवायचे, मग मुलीला जवळ घ्यायचं.

धुऊन सुकवली की बॅटरी जागेवर बसवा, एक दिवस काम करा आणि संध्याकाळी बघा. जिथं ओल दिसेल तिथं कोरडा सोडा चिमूटभर टाका. फेस आला तर ॲसिड, नाही आला तर ते दव आहे नाहीतर रेडिएटरचं पाणी. आता ओल कुठं आहे त्यावर सगळं ठरतं. फक्त बुचांच्या भोवती असेल तर बॅटरी कदाचित वाचेल. टर्मिनलच्या मुळाशी असेल तर तिथलं सील गेलंय, दिवस थोडे राहिलेत. बाजूला किंवा बुडाला असेल तर डबा फुटलाय, मग चर्चा बंद, नवीनच. एम-सील तिथं टिकणार नाही, बॅटरीचा डबा ज्या प्लॅस्टिकचा असतो त्याला ते धरतच नाही, वरवर चिकटल्यासारखं दिसतं आणि ब्लोअर चालू झाला की हादऱ्यानं सुटतं. कुणी गरम खिळा किंवा सोल्डरनं वितळवून बुजवतो म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नका, आत गॅस असतो, फुटते.

डबा फुटतो कशामुळं तेही बघा. छोट्या ट्रॅक्टरची बॅटरी वरनं क्लॅम्पनं आवळलेली असते, आणि दहातल्या सात शेतकऱ्यांकडं मी तो क्लॅम्प हरवलेला आणि बॅटरी सायकलच्या ट्यूबनं बांधलेली बघितलीय. सरीतनं, बांधावरनं, आणि मागं ब्लोअर घुमतोय, त्यात बॅटरी दिवसभर आपटत असते. तुमची कशानं बांधलीय ते पत्रात नाही, पण रोज काढता-घालता म्हणजे मला शंका आहे.

वाचणारी असेल तर काय. रात्रभर न चालवलेली, चार्जर न लावलेली बॅटरी मल्टीमीटरवर बघा. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. मग ट्रॅक्टर चालू करून थोडी रेस देऊन परत बघा. 13.8 ते 14.5 पाहिजे. 15 च्या वर गेलं तर रेग्युलेटर, ज्याला आपल्याकडं कटआउट म्हणतात, तो गेलाय आणि तो ट्रॅक्टरवरच बॅटरी उकळतोय. आणि चालू केल्यावर आकडा हललाच नाही, तिथंच 12 वर राहिला, तर अल्टरनेटर चार्जच करत नाही आणि सकाळी न उचलण्याचं कारण ते आहे. हे न बघता नवीन बॅटरी आणाल तर तीही वर्षभरात अशीच होईल आणि अण्णा म्हणतील हल्लीच्या बॅटऱ्याच फसव्या. फसव्या नाहीत हो, ही शिशाची बॅटरी 1859 साली गॅस्तों प्लान्ते नावाच्या फ्रेंच माणसानं बनवली आणि आतलं काम अजून तेच आहे. पाणी किती आणि चार्जिंग किती, एवढ्यावरच तिचं आयुष्य.

आता ॲसिड टाकायचं का. नाही. बॅटरीत आटतं ते पाणी, ॲसिड आत असतं, म्हणून भरायचं तेही फक्त डिस्टिल वॉटर. आपल्या बोअरच्या पाण्याला किती क्षार आहेत ते टाकीच्या कडेला जो पांढरा थर बसतो त्यावरनं कळतं, तोच थर प्लेटांवर बसतो. फिल्टरचं प्यायचं पाणीही नको. आणि भरायचं ते चार्जिंग झाल्यावर, प्लेटांच्या वर बोटाची रुंदी, किंवा डब्यावर वरची खूण असेल तर तिच्या जरा खाली. प्लेटा उघड्या दिसत असतील तर मात्र चार्जिंगच्या आधी त्या बुडतील एवढंच.

पण तुमचं तर ॲसिड खरंच बाहेर गेलंय, मग? तर ते मोजून घालायचं असतं, अंदाजानं नाही. दुकानात काचेची नळी असते, हायड्रोमीटर, तिनं सहाही सेल बघतात. पूर्ण चार्ज झाल्यावर 1260 ते 1280 च्या आसपास आकडा पाहिजे. सगळे सेल सारखेच खाली असतील तर दुकानदार द्रावण बरोबर करून देईल. पाच चांगले आणि एकच 50 पेक्षा जास्त खाली असेल तर तो सेल गेला, त्या बॅटरीत ॲसिड घालणं म्हणजे पैसे आणि दिवस दोन्ही घालवणं.

हे अण्णांना कसं सांगायचं. ताई, मला वाटतं तुम्ही त्यांना बॅटरीबद्दल सांगूच नका, बोर्डोबद्दल विचारा. बोर्डो बनवताना जुनी माणसं खुरप्याचं पातं त्यात बुडवून बघायची, पात्यावर तांबूस चढलं की म्हणायची अजून आंबट आहे, चुना घाल. अंदाजानं बोर्डो मारला की पानं जळतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे? मग म्हणा, अण्णा, तसंच ह्याचं पण पातं असतं दुकानात, चला बघून येऊ. त्यांना बरोबर घेऊन जा, नळी त्यांच्या हातात द्या. दीड वर्षात बॅटरी गेली हे ऐकताना त्यांना ते आपल्या पाणी भरण्यावर आल्यासारखं वाटणार, तेवढं मात्र तुम्ही बोलून दाखवू नका. त्यांनी काळजीनंच भरलं होतं. आणि बाटलीचा विषय तुम्ही बोलायच्या आधी मिस्टरांना फोन करून त्यांनाच अण्णांशी बोलायला सांगा, मुलाचा शब्द त्या एका बाबतीत जास्त चालत असेल तर चालू दे, मुलगी महत्त्वाची.

दीड वर्षच झालंय म्हणता तर बिल आणि वॉरंटी कार्ड शोधा, पुष्कळ बॅटऱ्यांना त्याहून जास्त मुदत असते. डबा फुटला असेल तर कदाचित मानणार नाहीत, पण विचारायला काय जातंय.

नवीन घ्यायची वेळ आली तर जुनी दुकानातच द्या, तिचे पैसे वजा होतात, कारण निम्म्याहून जास्त वजन शिशाचं असतं. दारावरचा भंगारवाला चार पैसे जास्त देतो, आणि मग कुठंतरी उघड्यावर ती फोडून शिसं वितळवतात, तो धूर आणि ती माती तिथल्या लेकरांच्या अंगात जाते, शिसं मुलांच्या मेंदूला बाधतं. ऑगस्ट 2022 पासून बॅटरीच्या कचऱ्याचे नवीन नियम आलेत, त्यात जुनी बॅटरी परत घेणं ही बनवणाऱ्याची जबाबदारी आणि इतर कचऱ्यात न मिसळता योग्य ठिकाणी देणं ही आपली.

फवारणीचं काय, तर उद्याचा दिवस शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानं सांगा, डावणीचा खर्च त्याहून मोठा. त्याची बॅटरी तुमच्या गळक्या बॅटरीला वायर लावून ट्रॅक्टर उचलायचं मात्र करू नका, वायर लावताना ठिणगी तिथंच उडते. बॅटरी बसवायच्या आधी धुतलेला ट्रे खरवडून रेड ऑक्साइड मारा, खाली जाड रबर घाला, क्लॅम्प नवीन आणा, टर्मिनल घट्ट केल्यावर वरनं व्हॅसलीन लावा. मग पहिला आठवडाभर रोज संध्याकाळी ट्रेवर चिमूटभर सोडा टाकून बघा. फेस आला नाही तर पंधरा दिवसांनी एकदा पाणी बघितलं तरी पुरे, आणि आला तर धुवायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा आणि तो मला पाठवा, म्हणजे कुठनं येतंय ते सांगता येईल.